टिलरचे पेट्रोल इंजिन सुरू न होणे

बागेत व लहान शेतात माती भुसभुशीत करणे, तण काढणे आणि वाफे तयार करणे या कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या टिलरला सामान्यतः एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, चार धावांचे (फोर स्ट्रोक) पेट्रोल इंजिन जोडलेले असते. वारंवार दोरी ओढूनही हे इंजिन सुरू न होणे हा या यंत्राचा सर्वांत परिचित बिघाड होय. त्याची कारणे अनेक असली तरी ती इंधन, हवा, ठिणगी आणि संपीडन या चार बाबींपैकी एखादीच्या अभावात किंवा ठिणगीची वेळ चुकण्यात मोडतात. त्यामुळे एकेक बाब ठरावीक क्रमाने तपासत गेल्यास, कोणताही भाग न बदलता बिघाडाचे स्थान बहुतेक वेळा निश्चित करता येते.

पार्श्वभूमी

फिरत्या पात्यांनी जमीन मशागत करण्याच्या यंत्राचे प्रयोग ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये न्यू साउथ वेल्समधील शेतावर केले. पुढे या तत्त्वावर मोठ्या रोटाव्हेटरपासून हाताने चालवायच्या छोट्या टिलरपर्यंत अनेक यंत्रे तयार झाली. महाराष्ट्रात अशा यंत्रांना आकारानुसार व कामानुसार पॉवर टिलर, मिनी टिलर किंवा पॉवर वीडर म्हटले जाते.

टिलर वर्षभर सलग चालत नाही. हंगामात काही दिवस भरपूर काम आणि त्यानंतर काही महिने विश्रांती, असा त्याचा वापर असतो. सुरू न होण्याच्या तक्रारी म्हणूनच दीर्घ साठवणीनंतरच्या पहिल्या दिवशी अधिक आढळतात. पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वाफसा येतो, म्हणजे मशागतीस योग्य ओल राहते, तो काळ थोडाच असतो. या काळात यंत्र बंद राहिल्यास जमीन पुन्हा कडक होते किंवा पुढचा पाऊस येऊन काम लांबते. या घाईत एकाच वेळी अनेक भाग खोलले गेल्यास मूळ दोष कोणता होता हे कळत नाही आणि नवे दोष निर्माण होण्याचा संभव असतो.

इंजिनाचे कार्य

चार धावांच्या इंजिनात शोषण, संपीडन, शक्ती व निष्कास या चार धावांचे एक आवर्तन असते. शोषण धावेत दट्ट्या खाली जाताना हवा एअर फिल्टरमधून कार्ब्युरेटरमध्ये येते व तेथे तिच्यात पेट्रोल मिसळते. संपीडन धावेत हे मिश्रण दाबले जाते आणि धाव संपण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलचे बाष्प कमी होत असल्याने सुरुवातीला चोक लावून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते.

दोरीने सुरू होणाऱ्या इंजिनास ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमध्ये बसवलेले चुंबक इग्निशन कॉइलजवळून वेगाने जाताना विद्युत दाब निर्माण होतो. दोरी हळू ओढल्यास पुरेशी ठिणगी न पडण्याचे कारण हेच आहे.

तपासणीपूर्वीची दक्षता

बंद पडलेले इंजिन अनपेक्षितपणे सुरू होऊ शकते. त्या वेळी गिअर लागलेला असल्यास पाती लगेच फिरू लागतात व पायाला गंभीर इजा होते. म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवणे, क्लचचा दांडा सोडलेला असणे आणि पात्यांजवळ कोणी उभे नसणे आवश्यक असते. पात्यांत अडकलेले गवत, दोरी वा तार काढण्यापूर्वी स्विच बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवतात.

पेट्रोलचे बाष्प सामान्य तापमानालाही पेट घेते. ते हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. त्यामुळे इंधनासंबंधीचे काम मोकळ्या जागी, इंजिन थंड असताना व विस्तवापासून दूर करतात. बंद खोलीत इंजिन चालवून पाहणे धोक्याचे असते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग वा वास नसतो.

प्राथमिक तपासणी

हत्यार हाती घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहिल्या जातात :

• इंजिनाचा स्विच चालू आहे का आणि पेट्रोलचा कॉक उघडा आहे का.
• टाकीत ताजे पेट्रोल आहे का.
• थंड इंजिनासाठी चोक लावलेला व गरम इंजिनासाठी काढलेला आहे का.
• यंत्र सपाट जागी ठेवल्यावर ऑइलची पातळी योग्य आहे का. काही इंजिनांत ऑइल कमी झाल्यास ठिणगी बंद करणारा संवेदक असतो. उतारावर यंत्र कलते असल्यासही तो कार्यान्वित होऊ शकतो.
• एअर फिल्टर मातीने किंवा ऑइलने बुजलेला नाही ना.
• दोरी अडकत नाही ना. दोरी मुळीच ओढली जात नसल्यास जोर लावू नये. पात्यांत अडथळा, सिलिंडरमध्ये साचलेले पेट्रोल किंवा ऑइलअभावी जाम झालेला दट्ट्या ही त्याची कारणे असू शकतात.

स्पार्क प्लगचे निरीक्षण

चोक लावून चार-पाच वेळा दोरी ओढल्यानंतर प्लगपान्याने स्पार्क प्लग काढून पाहणे ही या तपासणीतील निर्णायक पायरी आहे. प्लगच्या टोकाची अवस्था पुढील दिशा ठरवते.

• कोरडा प्लग : पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. इंधनमार्ग तपासावा.
• पेट्रोलने ओला प्लग : पेट्रोल येत आहे, परंतु ठिणगी नाही, ती अयोग्य वेळी पडते, किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर साचले आहे.
• काळी कोरडी काजळी : मिश्रणात पेट्रोल अधिक आहे. चोक अडकलेला असणे किंवा फिल्टर बुजणे ही सामान्य कारणे होत.
• ऑइलने माखलेला प्लग : यंत्र चुकीच्या बाजूला कलंडले होते, ऑइल जास्त भरले आहे, किंवा पिस्टन रिंग झिजल्या आहेत.

इंधनमार्गातील दोष

टाकीच्या झाकणाचे सूक्ष्म छिद्र बुजल्यास टाकीत हवा शिरत नाही व पेट्रोलचा प्रवाह थांबतो. झाकण सैल केल्यावर इंजिन चालू लागल्यास हा दोष सिद्ध होतो. त्यानंतर कार्ब्युरेटरच्या वाटीखालील स्क्रू किंचित सैल करून पेट्रोल भांड्यात घेतात. धार अखंड असल्यास वाटीपर्यंतचा मार्ग मोकळा असतो. धार न आल्यास कॉक, गाळणी, नळी किंवा फ्लोटची सुई तपासावी लागते. काढलेल्या पेट्रोलच्या तळाशी वेगळे थेंब दिसल्यास ते पाण्याचे असतात.

साठवणीत पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात व उरलेल्या भागाचे ऑक्सिडीकरण होऊन चिकट राळ तयार होते. कार्ब्युरेटरच्या जेटचे छिद्र अतिशय बारीक असल्याने थोड्या राळेनेही ते बुजते. जेट साफ करण्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर व दाबाची हवा वापरतात. कठीण तारेने छिद्र मोठे होऊन मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडू शकते.

इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा जड थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो आणि तोच प्रथम कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली. अनेक छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे नमूद असते. त्यामुळे दमट हवेत अर्धी भरलेली टाकी दीर्घकाळ ठेवणे टाळावे लागते.

पेट्रोल साचणे

चोक लावून पुन्हा पुन्हा दोरी ओढल्यास सिलिंडरमध्ये द्रवरूप पेट्रोल साचते व ठिणगी असूनही इंजिन पेटत नाही. अशा वेळी कॉक व स्विच बंद करून, प्लग काढून, चोक पूर्ण काढून व थ्रॉटल पूर्ण उघडून काही वेळा दोरी ओढतात. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडत असल्याने चेहरा दूर ठेवावा व प्लगची टोपी छिद्रापासून लांब ठेवावी. प्लग पुसून, थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न केला जातो.

फ्लोटची सुई नीट बसत नसल्यास यंत्र उभे असतानाही पेट्रोल सिलिंडरमार्गे ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी आपोआप वाढणे व त्याला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण होय. असे पातळ झालेले ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवल्यास बेअरिंग व सिलिंडर खराब होतात.

ठिणगीची तपासणी

ठिणगी पाहण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे स्पार्क टेस्टर. तो नसल्यास टोपीत लावलेल्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून दोरी ओढतात. तत्पूर्वी सांडलेले पेट्रोल पुसणे, प्लगचे छिद्र झाकणे व प्लग त्यापासून लांब ठेवणे अत्यावश्यक असते. प्लग उघड्या हाताने धरू नये.

ठिणगी न दिसल्यास प्रथम योग्य क्रमांकाचा नवा प्लग लावून पाहतात. होंडाच्या जीएक्स १६० या बहुप्रचलित इंजिनात प्लगच्या टोकांतील अंतर ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवले जाते. त्यानेही ठिणगी न आल्यास कॉइलपासून स्विचकडे जाणारी तार तात्पुरती वेगळी करतात. आता ठिणगी आल्यास कॉइल सुस्थितीत असून दोष स्विच, तार किंवा ऑइल संवेदकात असतो. तार वेगळी असताना स्विचने इंजिन बंद होत नाही, म्हणून ही जोडणी पूर्ववत केल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. ठिणगी तरीही न आल्यास कॉइल व फ्लायव्हीलमधील अंतर आणि चुंबकावरील गंज पाहतात. जीएक्स १६० मध्ये हे अंतर सुमारे ०.४ मि.मी. असते. त्यानंतरच कॉइल बदलण्याचा विचार केला जातो.

ठिणगीची वेळ चुकणे

फ्लायव्हील भुजादंडावर (क्रँकशाफ्टवर) योग्य कोनात राहावे म्हणून त्यांच्यामध्ये एक लहान चावी बसवलेली असते. फिरती पाती दगडात किंवा मुळात अडकून इंजिन एकाएकी थांबल्यास ही चावी क्वचित अंशतः कापली जाते. मग ठिणगी जोरदार असूनही ती चुकीच्या क्षणी पडते. दोरीला उलटा झटका बसणे, कार्ब्युरेटरमधून फटका येणे आणि इंजिन न पेटणे ही तिची लक्षणे होत. इंधन व ठिणगी दोन्ही ठीक दिसत असताना आणि यंत्र नुकतेच दगडाला अडकल्याची माहिती असताना फ्लायव्हील काढून चावी पाहणे योग्य ठरते.

संपीडनाचा अभाव

दोरी ओढताना ठरावीक अंतराने जाणवणारा विरोध हे संपीडनाचे लक्षण असते. तो मुळीच जाणवत नसल्यास प्लग सैल असणे, झडप अडकणे, हेड गॅस्केट फाटणे किंवा रिंग झिजणे यांपैकी एखादे कारण संभवते. तथापि अनेक छोट्या इंजिनांत सुरू करताना दाब कमी करणारी स्वयंचलित व्यवस्था असते. अशा इंजिनात दाबमापकावर आकडा कमी दिसला म्हणून इंजिन झिजले असा निष्कर्ष काढता येत नाही.

झडपांतील मोकळीक संपल्यास झडप पूर्ण मिटत नाही. विशेषतः इंजिन थंड असताना सुरू होते, पण गरम झाल्यावर होत नाही, अशा वेळी ही मोकळीक व गरम झाल्यावर निकामी होणारी कॉइल या दोन्हींची तपासणी केली जाते. जीएक्स १६० मध्ये थंड अवस्थेत शोषण झडपेची मोकळीक सुमारे ०.१५ मि.मी. व निष्कास झडपेची ०.२० मि.मी. असते. इतर इंजिनांचे आकडे वेगळे असू शकत असल्याने त्या त्या माहितीपुस्तिकेचा आधार घ्यावा लागतो.

डिझेल टिलर

भातखाचरातील चिखलणीसाठी वापरले जाणारे मोठे पॉवर टिलर बहुधा डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे वरील ठिणगीची तपासणी तेथे लागू पडत नाही. टाकी रिकामी होईपर्यंत यंत्र चालवल्यास इंधननळीत हवा शिरते व डिझेल भरल्यावरही इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी नळीतील हवा काढावी लागते. बुजलेला डिझेल फिल्टर व कमी संपीडन ही इतर प्रमुख कारणे होत.

प्रतिबंध व साठवण

दीर्घ साठवणीपूर्वी टाकी रिकामी करून कॉक बंद करणे आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकणे हा सुरू न होण्याच्या तक्रारींवरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यानंतर ऑइल बदलून, प्लगच्या छिद्रातून चमचाभर स्वच्छ ऑइल सोडून दोरी हळू ओढतात, जेणेकरून सिलिंडरच्या आतील भागावर गंज चढत नाही. विरोध जाणवेल तेथे दोरी थांबवल्यास दोन्ही झडपा मिटलेल्या राहतात व दमट हवा आत शिरत नाही. एअर फिल्टर साफ करून यंत्र कोरड्या जागी झाकून ठेवले जाते. हंगामापूर्वी काही दिवस आधी ताजे पेट्रोल भरून इंजिन एकदा सुरू करून पाहिल्यास दोष आढळल्यावर दुरुस्तीस वेळ मिळतो आणि वाफशाचे दिवस वाया जात नाहीत.