दुखतो खुबा, चोळतो कंबर

म्हातारा काठी टेकत लंगडत निघाला की गावात कुणी थांबून विचारत नाही. "वय झालं, चालायचंच!" मग कंबरेला तेल चोळणं सुरू. पण बऱ्याचदा दुखणं कंबरेत नसतं, खुब्यात असतं. जांघेत कळ येते, मांडी घालून बसवत नाही, पायात वहाण घालायला वाकवत नाही, अशी लक्षणे असतील तर खुब्याचा एक्स-रे काढावा.

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. तो झिजला की काढून धातूचा गोळा आणि टणक प्लास्टिकची वाटी बसवतात. 1962 साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉन चार्नली यांनी ही पद्धत रुजवली. आज जगात वर्षाला दहा लाखांहून अधिक खुबे बदलले जातात. इंग्लंड-वेल्समध्येच सुमारे लाखभर. आपल्याकडे गुडघे जास्त बदलतात, खुबे कमी.

म्हणून शेतकऱ्याने निर्धास्त राहू नये. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील पाहणीत, दहा वर्षांहून अधिक शेती केलेल्या पुरुषांत खुब्याची झीज इतरांपेक्षा कितीतरी पट आढळली. जड ओझी उचलणे हे कारण असावे, असा संशय आहे.

आपल्याकडे दुसरेच एक संकट आहे, ते तरुणांवर येते. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरते. दारू, मनाने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल, ही त्याची कारणे. पस्तिशीचा कर्ता गडी खाटेला खिळला तर नांगर कोणी धरायचा? आणि तरुणपणी बसवलेला सांधा जन्मभर पुरेल याची हमी नाही. 2019 च्या एका अभ्यासानुसार दहापैकी जवळपास सहा सांधे 25 वर्षे टिकतात.

मागणी तर वाढणारच. देशात साठीपुढची माणसे 2011 साली दहा कोटींच्या घरात होती. 2036 पर्यंत सुमारे 23 कोटी होतील, असा सरकारी अंदाज आहे. मोरीत पाय घसरून खुबा मोडणाऱ्या आजीबाईही वाढतील. तिथे उशीर नको. शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावे. हाडवैद्याची पट्टी बांधून महिनाभर निजवून ठेवलं, की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, आणि माणूस हातचा जातो.

पैशांचे काय? हे ऑपरेशन आयुष्मान भारत योजनेच्या यादीत आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. कार्ड मात्र आधी काढलेले बरे. पाय मोडल्यावर आधारचा अंगठा जुळवत कोण बसणार? ग्रामपंचायतीने आशाताईंना बरोबर घेऊन सत्तरीपुढच्यांची यादी करावी. कोणत्या दवाखान्यात ऑपरेशन होते, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारूनच गाडी करावी.

आणखी एक. ऑपरेशननंतर उकिडवे बसायला बहुतेक डॉक्टर मनाई करतात, आणि आपले संडास सगळे खाली बसायचे. कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच घरात आणून ठेवावी.