दहा मिनिटांचा शेक, दीड महिन्याचा मुक्काम

सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या शेतकऱ्याला कुणी बेघर म्हणणार नाही. पत्र्याचं का होईना, त्याचं घर असतं, दारात जनावर असतं, सातबाऱ्यावर नाव असतं. पण घरातल्या कुणाला तोंडाचा नाहीतर गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला आणि परळच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचं ठरलं, की हाच माणूस हिंगोली डेक्कन स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसतो आणि उतरतो तो बेघर होऊनच. पिशवीत फाइल, चादर, भाकरी. ओळखीचं कुणी असलंच तर कल्याणच्या किंवा नालासोपाऱ्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत, आणि तिथे आधीच सहाजण.

या बेघरपणाचं कारण उपचाराच्या पद्धतीतच आहे. रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस, असे साधारण पाच ते सात आठवडे शेक घ्यावा लागतो. मशीनखाली रोजची दहा-पंधरा मिनिटं जातात. त्यासाठी दाखल करून घ्यायची गरज नसते, म्हणून खाट मिळत नाही. आणि रोज हिंगोलीहून जाऊन-येऊन करता येत नाही, म्हणून घरही उपयोगाचं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे शेकाचे पैसे वाचतात, पण दीड महिन्याचं खोलीभाडं कोण देणार? राहिलेला दिवस आणि अख्खी रात्र कुठे काढायची, हे केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

त्यामुळे टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर जो संसार दिसतो तो भिकाऱ्यांचा नाही. निळी ताडपत्री, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, उशाला प्लास्टिकच्या पिशवीत तीनदा गुंडाळलेली फाइल. एखाद्या बाप्याच्या नाकात नळी असते आणि त्याची बायको सिरिंजने त्यात पातळ पेज सोडत असते. सावकाश, कारण घाई केली की ठसका लागतो. एक्स-रे भिजू नयेत म्हणून माणसं स्वतः पावसात भिजतात. शेक घेतलेल्या कातडीला ऊन आणि धूळ वर्ज्य, असं डॉक्टर बजावून सांगतात. ते पाळायला आधी छप्पर हवं.

ही अडचण फार आधी एका माणसाने हेरली होती. शिकलेला नव्हता, जातीने परीट, अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर फुटकं खापर. गाडगेबाबांचे खराटा आणि कीर्तन सगळ्यांना ठाऊक आहेत; त्यांच्या धर्मशाळांबद्दल मात्र आपण कमी बोलतो. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम तेच. पंढरपुरात वारीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना गावात कुणी थारा देत नसे. बाबांनी लोकांकडून पैसा उभा करून तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. अशाच धर्मशाळा देहू, आळंदी, नाशिकला. देऊळ एकही नाही. माणसं दगडाच्या देवाला छप्पर घालतात आणि देवाला आलेल्या माणसाला उघड्यावर झोपवतात, हा त्यांच्या कीर्तनातला नेहमीचा टोला. या इमारतींवर आपल्या गोतावळ्याचा हक्क सांगितला जाऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. धर्मशाळा भरलेली असे आणि बाबा झोपत बाहेर, झाडाखाली.

तीर्थाच्या वाटेवरून दवाखान्याच्या दाराकडे ते वळले ते शेवटच्या वर्षांत. 1954 मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. एकेकाळी लांबून येणारा गरीब माणूस पंढरपूरला येई, आता तो दवाखान्यात येतो, हे त्यांनी ओळखलं होतं. 20 डिसेंबर 1956 ला ते गेले. त्यांनी लोकांना लावून दिलेल्या दहा कामांत अन्न, पाणी, वस्त्र आणि शिक्षणानंतर पाचवं काम बेघरांना आसरा देण्याचं आहे. त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाच्या मिशनच्या कार्यकर्त्यांनी दादर पूर्वेला कॅन्सरच्या रुग्णांसाठी धर्मशाळा उभी केली. हॉस्पिटलचे कागद दाखवायचे, नाममात्र पैसे भरायचे, सोबतच्या माणसासह राहायचं. टाटा तिथून जवळ. परळपर्यंत दोनदा गाडी बदलत न जावं लागण्याचं मोल उलट्या होणाऱ्या माणसाला विचारावं.

परळ-दादरच्या या पट्ट्यात अशा जागा आणखीही आहेत. 1968 मध्ये सुरू झालेल्या नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. 2006 पासून सेंट ज्यूड संस्था कॅन्सर झालेल्या मुलांना आईबापांसह ठेवून घेते. तिथे सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येक कुटुंबाची चूल वेगळी असते. ही बारकाई मला फार शहाणपणाची वाटते, कारण आजारी पोराला आपल्याच आईच्या हातचं वरण लागतं. फुटपाथवरच्यांना जेवण पुरवण्याचं काम हरखचंद सावला यांच्या जीवन ज्योत ट्रस्टने कित्येक वर्षं चालवलं आहे. तरीही सगळ्या खाटा धरल्या तरी रांग संपत नाही.

आता जरा आपल्या हिंगोली जिल्ह्याकडे बघू. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना सेनगाव, नरसी, औंढा नागनाथ करत परभणीकडे उतरते. त्या वेळी गावात कुणाचीही ओसरी मोकळी राहत नाही. शाळेच्या वर्गात सतरंज्या, देवळात पंगती, कुणाकडे पिठलं तर कुणाकडे शिरा, दमलेल्यांचे पाय चेपायला पोरं. शेकडो परक्या माणसांना आसरा देणं हिंगोलीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण तो आसरा एका रात्रीचा असतो, सकाळी पालखी पुढे जाते. दवाखान्याजवळची धर्मशाळा म्हणजे रोजची पालखी. रोज संडास धुवायचे, रोज चादरी उकळायच्या, खोली सोडवत नसलेल्या माणसाला रांगेतल्या दुसऱ्यासाठी समजावून सांगायचं. अन्नदानाला पावती फाडणारे पुष्कळ मिळतात, फिनेलला मिळत नाहीत. बाबा कीर्तनाआधी गाव झाडून काढत, त्यामागे हेच असावं. झाडायला आलेला माणूस पुढे पैसेही देतो, नुसते पैसे देणारा झाडायला क्वचित येतो.

जवळचा पर्याय तयार झाला आहे हेही खरं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयामुळे मराठवाड्यातल्या पुष्कळ रुग्णांची मुंबईची फेरी वाचते. पण हिंगोलीहून ते अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे तिथेही दीड महिन्याचा मुक्काम आलाच. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात माणूस असला की नातेवाईक गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवून येतात, तिथे जात-गाव कुणी विचारत नाही. जेवणाची सोय होते, पाठ टेकायची होईलच असं नाही. हिंगोलीत 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ते वाढेल तसे कनेरगाव, आखाडा बाळापूर, जवळा बाजारकडचे रुग्ण इथेच थांबतील आणि त्यांच्यासोबतची माणसं पोर्चमध्ये, जिन्याखाली झोपू लागतील. इमारतींचे नकाशे अजून व्हायचे असतील तर नातेवाइकांच्या निवाऱ्याची जागा त्यात आत्ताच धरून घ्यावी लागेल. बांधकामाला आमदार निधी मिळेल, देणगीदारही मिळतील. रोज सकाळी सहाला येऊन ती जागा झाडणारे कोण, ही यादी मात्र गणेश मंडळांनी, भजनी मंडळांनी आणि हळदीच्या अडत्यांनी बसून करायची आहे.