गळका नळ आणि आमचे भाषण

यंदाच्या २० मार्चला वस्तीतल्या विहारात महाडच्या सत्याग्रहावर आमचे भाषण झाले. पाणी म्हणजे हक्क, पाणी म्हणजे माणुसकी, असे आम्ही तासभर बोललो. टाळ्याही बऱ्या पडल्या. रात्री घरी आलो तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता, टप... टप... टप. सिंकवरचा मिक्सर तीन आठवड्यांपासून गळत होता. आईने त्याखाली कळशी लावून ठेवली होती. आमच्याकडे न बघताच ती म्हणाली, "झालं का भाषण? आता ह्याचं बघ."

मिक्सर म्हणजे वाटणाचा नव्हे. गरम आणि थंड पाण्याच्या दोन चाव्या आणि मधे एकच फिरती नळी असलेला नळ. चाळ पाडून इमारत झाली, घरात गिझर आला, त्याच्याबरोबर हा नळही आला. चाळीतली पितळी तोटी गळू लागली की वडील सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून वायसर करीत. या चकचकीत नळाला हात लावायची मात्र आम्हाला भीती. एका प्लंबरने 'येतो, येतो' म्हणत दोन रविवार घालवले. दुसऱ्याने नुसते बघून सांगितले, "पूर्ण नळच बदला, अडीच हजार धरून चाला."

दुसऱ्या दिवशी अकरावीतल्या आमच्या मुलीने कळशीतले पाणी मापाने मोजले. रात्री दहा ते सकाळी सहा, सात लिटर! म्हणजे दिवसाला २१ आणि महिन्याला ६३० लिटर. रात्रीचे पाणी आई भांड्यांना, फरशीला वापरी. दिवसाचे सगळे मोरीत जात होते. कचेरीत दुसऱ्यांच्या हिशेबातला रुपया शोधणारे आम्ही, घरातला हा खर्च आम्हाला दिसला नव्हता.

आई सोलापूरकडच्या खेड्यातली. लहानपणी विहिरीपासून लांब, उन्हात घागर घेऊन बसायची. कुणी वरच्या आळीतली बाई आली आणि तिला दया आली, तर ती वरून पाणी वाढायची. ती म्हणाली, "सांडलेलं पाणी आम्ही ओच्यानं टिपून घेतलंय. मला ह्या आवाजानं झोप लागत नाही." यावर आम्ही काय बोलणार? रविवारी सकाळी मुलीला हाक मारली, पाना काढला आणि कामाला लागलो.

आधी रोग ओळखा

नळ कुठून गळतो ते आधी पाहावे. नळीच्या तोंडातून थेंब पडत असेल तर दोष आतल्या वायसरचा किंवा स्पिंडलचा. फिरत्या नळीच्या बुडातून पाणी येत असेल तर तिथली रबरी ओ-रिंग गेलेली. सिंकखाली ओल असेल तर जोडणीच्या पाइपाचा वायसर किंवा टेफ्लॉन टेप बघावी.

आमचा नळ तोंडातून गळत होता. पण गरम बाजूने की थंड? सिंकखाली दोन अँगल कॉक असतात. गरम बाजूचा बंद केला, थेंब चालूच. थंड बाजूचा बंद केला, थोड्या वेळात थेंब थांबला. दोष थंड बाजूचा! गरम बाजू गळत असेल तर पाण्याबरोबर विजेचे बिलही गळते, हे ध्यानात ठेवावे.

पाणी बंद, मग पाना

गिझरचे बटण बंद केले. दोन्ही अँगल कॉक बंद करून नळ उघडला आणि नळीतले उरलेले पाणी जाऊ दिले. अँगल कॉक जाम असतील तर त्यांच्याशी झोंबू नये, घराचा मेन कॉक बंद करावा. सिंकच्या भोकात मुलीने फडका कोंबला. आम्हाला ते सुचले नव्हते. पहिलाच स्क्रू आमच्या हातून निसटला आणि फडक्यावर पडला!

चावीवरचे निळे बटण नखाने उचकटले की खाली स्क्रू दिसतो. तो काढला की चावी निघते. मग पान्याला कापड गुंडाळून, म्हणजे नळाला ओरखडे पडत नाहीत, स्पिंडल उलटा फिरवून बाहेर काढला. त्याच्या टोकाचा रबरी वायसर लाकडासारखा कडक झाला होता आणि त्यावर गोल खाच पडली होती. नळ गळतो म्हणून आम्ही रोज चावी अधिक जोराने आवळत होतो. त्या जोरानेच ही खाच खोल झाली होती.

नळ तीन-चार वेळा फिरवून बंद होत असेल तर तो बहुधा असा वायसरचा. अर्ध्याच फेऱ्यात बंद होत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे आतला पूर्ण भाग बदलावा लागतो. एकाच दांड्याच्या नळात कार्ट्रिज असते.

इथे आमची एक चूक झाली. जुना वायसर घरी ठेवून अंदाजाने नवा आणला. तो मोठा निघाला. लिफ्ट बंद, पुन्हा सात मजले उतरलो. जुना भाग हातात घेऊनच दुकानात जावे. वायसर मिळाला दहा रुपयांत.

वायसर जिथे टेकतो त्या कडेवर क्षाराचा पांढरा थर होता. लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापडाने तो पुसला. थर राहिला तर नवा वायसरही लवकर खराब होतो. कडच झिजून खड्डे पडले असतील तर मात्र प्लंबर बोलवावा. सगळे उलट क्रमाने बसवले, बेताने आवळले, आणि अँगल कॉक हळूहळू उघडले. सिंकखाली वर्तमानपत्र पसरले. गळती असेल तर कागदावर डाग उमटतो. तासाभराने पाहिले, कागद कोरडा. मगच गिझर लावला.

शेजारचे एक गृहस्थ डोकावून म्हणाले, "क्लार्क माणूस तुम्ही, आणि पोरीच्या हातात पाना?" आम्ही म्हटले, "हाताला काम लागले म्हणून माणूस लहान होत नाही, साहेब." काम करणाऱ्याला कमी लेखायचे, याच रोगाने आपल्या आजा-पणजांना गावाबाहेर ठेवले. प्लंबरकाम ही विद्याच आहे. आयटीआयमध्ये तिचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि तो मुलींनाही खुला आहे.

महाडचा इतिहास आम्ही भाषणात सांगितलाच होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली झाला. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्यात उतरून ओंजळ भरली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. नुसत्या ठरावाने ओंजळ भरत नाही, नुसत्या भाषणाने नळ थांबत नाही. धम्मपदात थेंबाथेंबाने भरणाऱ्या घड्याची उपमा आहे. आमच्या घरी ती कळशी तीन आठवडे डोळ्यांसमोर भरत होती.

बंधू-भगिनींनो, आज रात्री घरातला नळ एकदा ऐका. पुढच्या रविवारी आम्ही वस्तीतल्या मुला-मुलींना घेऊन विहारामागचा नळ दुरुस्त करणार आहोत. पाना आमची मुलगी धरणार आहे.

आईने कळशी घासून फळीवर पालथी घातली आहे. जयभीम!