नव्या वेगवान मोटारीतील इंजिनभंग : कारण, पुरावा आणि दायित्व

मोटारीच्या इंजिनात बिघाड होणे ही नित्याची गोष्ट आहे. परंतु नुकतीच विकत घेतलेली, आणि तीही विशेष वेगासाठी रचलेली मोटार जेव्हा इंजिन फुटून रस्त्यात उभी राहते, तेव्हा उपस्थित होणारे प्रश्न नेहमीच्या दुरुस्तीच्या प्रश्नांहून वेगळे असतात. जुन्या इंजिनाच्या बाबतीत ‘झीज’ हे उत्तर बहुधा पुरेसे ठरते. नव्या इंजिनाला ते लागू पडत नाही. दोष आराखड्यात होता, जोडणीत होता, की चालविणाऱ्याच्या हातून घडला, याचा निर्णय तेथे करावा लागतो आणि नवे इंजिन कोणाच्या खर्चाने बसणार हे त्या निर्णयावर अवलंबून राहते. हा निर्णय मूलतः कालनिर्णय होय. दोषाचा जन्म वाहन ग्राहकाच्या ताब्यात येण्यापूर्वीचा की नंतरचा, या एकाच प्रश्नापाशी यंत्रशास्त्र आणि कायदा ही दोन्ही शास्त्रे येऊन मिळतात. प्रस्तुत लेखात पोर्श ९११ जीटी-३ या मोटारीच्या २०१४ सालच्या प्रकरणाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

१. २०१४ सालचे प्रकरण

पोर्श या जर्मन कारखान्याने जीटी-३ या मोटारीची नवी आवृत्ती मार्च २०१३ मध्ये जिनीव्हा येथील प्रदर्शनात मांडली. तिचे इंजिन ३.८ लिटरचे, समोरासमोर आडव्या मांडलेल्या सहा सिलिंडरांचे असून त्याची शक्ती ४७५ अश्वशक्ती आणि कमाल वेग मिनिटाला ९,००० फेरे इतका होता. पूर्वीच्या जीटी-३ मोटारींचे इंजिन शर्यतीच्या परंपरेतून आलेले होते. नव्या आवृत्तीत ते सोडून देऊन त्याच कारखान्याच्या चालू इंजिनकुळाशी नाते सांगणारे इंजिन घेण्यात आले, आणि अतिवेग सोसावा म्हणून त्याला टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड व घडीव पिस्टन देण्यात आले.

२०१४ सालच्या आरंभी युरोपात अशा दोन मोटारींची इंजिने चालत्या स्थितीत फुटली आणि दोन्हींना आग लागली. मनुष्यहानी झाली नाही. फेब्रुवारी महिन्यात कारखान्याने ग्राहकांच्या हाती गेलेल्या मोटारी चालवू नयेत अशी सूचना दिली, आणि १८ मार्च २०१४ रोजी कारण जाहीर केले. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांची जोडणी सैल झाली होती. सुटलेल्या रॉडने क्रँककेसला इजा केली. तेथून वंगण तेल बाहेर आले व पेटले, असा तो निष्कर्ष होता. त्या वर्षीच्या आवृत्तीतील ७८५ मोटारींची इंजिने, सुधारलेले बोल्ट असलेली नवी इंजिने बसवून, समग्र बदलण्याचा निर्णयही त्याच वेळी जाहीर झाला.

दोन मोटारींत दिसलेल्या दोषासाठी ७८५ इंजिने का बदलावीत, आणि बोल्ट बदलण्याऐवजी संपूर्ण इंजिनच का बदलावे, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर या बोल्टांवर पडणाऱ्या भारात सापडते.

२. कनेक्टिंग रॉडवरील भार

कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक पिस्टनला जोडलेले असते. खालचे मोठे टोक दोन भागांचे असून ते दोन बोल्टांनी क्रँकशाफ्टभोवती आवळलेले असते. या इंजिनात पिस्टनची धाव ७७.५ मिलिमीटर आहे. मिनिटाला ९,००० म्हणजे सेकंदाला १५० फेरे होतात. तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३ मीटरांहून थोडा अधिक भरतो. परंतु धावेच्या प्रत्येक टोकाशी हा वेग शून्यावर येऊन दिशा उलटते. त्यामुळे वेगापेक्षा प्रवेगच अधिक महत्त्वाचा ठरतो. पिस्टनची गती साधी आवर्त गती मानून हिशेब केला, तरी धावेच्या टोकाशी हा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या सुमारे ३,५०० पट येतो. रॉडची लांबी मर्यादित असल्यामुळे वरच्या टोकाशी तो प्रत्यक्षात याहूनही मोठा असतो. उदाहरणादाखल पिस्टन व त्याच्याबरोबर हलणारे भाग मिळून अर्धा किलोग्रॅम वस्तुमान धरले, तर त्यांना थोपवून मागे ओढण्यासाठी १७,००० न्यूटनांहून अधिक, म्हणजे सुमारे पावणेदोन टन वजनाइतके बल लागते.

हे बल बोल्टांना सर्वांत जास्त केव्हा जाणवते, हे समजून घेणे आवश्यक आहे. इंधन जळते त्या क्षणी ते जाणवत नाही; कारण तेव्हा वायूचा दाब पिस्टनला खाली रेटून त्याच्या जडत्वाच्या ओढीला विरोधच करतो. खरा ताण येतो तो जळलेले वायू बाहेर पडून नवी हवा आत येण्याच्या संधीला, जेव्हा पिस्टन वरच्या टोकाशी असतो आणि त्याला रोखणारा वायूचा दाब नसतो. पिस्टनची सगळी ओढ त्या क्षणी खालच्या जोडणीवर, म्हणजे बोल्टांवर येते. चार धावांच्या इंजिनात ही संधी दोन फेऱ्यांतून एकदा येते. म्हणजे कमाल वेगाने चालताना प्रत्येक रॉडचे बोल्ट सेकंदाला ७५ वेळा आणि मिनिटाला ४,५०० वेळा ताणले जातात.

असे असूनही सुस्थितीतील बोल्ट टिकतात याचे कारण ‘पूर्वताण’ हे होय. जोडणीच्या वेळी बोल्ट इतका आवळला जातो की तो किंचित लांबतो आणि रॉडचे दोन्ही भाग एकमेकांवर मोठ्या बलाने दाबून धरतो. हे दाबबल बाहेरच्या ओढीपेक्षा मोठे आहे तोवर जोड उघडत नाही, आणि बदलत्या भाराचा अल्प अंशच बोल्टाच्या वाट्याला येतो. पूर्वताण मात्र घटला, की प्रत्येक ओढीबरोबर जोड सूक्ष्म अंतराने उघडू लागतो आणि भाराचा सगळा चढउतार बोल्टावर येतो. धातूच्या श्रांतीला येथूनच आरंभ होतो. अशा स्थितीत मोटार बाहेरून पूर्ववत चालत राहते. तेलाचा दाब, तापमान आणि आवाज यांत फरक दिसेलच असे नाही.

वरील प्रश्नाचे उत्तर आता स्पष्ट होईल. चाललेल्या इंजिनातील बोल्टाने किती ताण सोसला आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. तो पाहण्यासाठी इंजिन जवळजवळ पूर्णपणे उकलावे लागते. आणि बोल्ट बदलला, तरी सैल जोडणीत बेअरिंगला व रॉडच्या तोंडांना झालेली सूक्ष्म इजा उरतेच. म्हणून निरोगी दिसणारी इंजिनेही बदलणे हा यांत्रिकदृष्ट्या समर्थनीय मार्ग होता.

३. भंगाचा क्रम

बोल्ट तुटल्यानंतरचा क्रम अत्यंत त्वरित घडतो. रॉडचे खालचे टोक क्रँकशाफ्टपासून सुटते. क्रँकशाफ्ट मात्र फिरतच असतो. सुटलेला रॉड त्याच्या तडाख्यात सापडून क्रँककेसच्या भिंतीवर आदळतो आणि मिश्रधातूची ती भिंत फोडतो. आतील तप्त तेल त्या छिद्रातून बाहेर उडते. निस्सरण नळ्या जवळच असतात आणि भरधाव चाललेल्या मोटारीत त्या तेल पेटविण्याइतक्या तापलेल्या असतात. जीटी-३ मोटारीचे इंजिन मागील बाजूस असल्यामुळे चालकाला ज्वाळा लगेच दिसतही नाहीत. ठोका ऐकू येताच किंवा तेलाच्या दाबाचा इशारा उमटताच मोटार बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, आणि खात्री करून घेण्यासाठीही ते पुन्हा सुरू करू नये, या नियमाचे पहिले कारण जीविताचे रक्षण हे आहे. दुसरे कारण पुराव्याचे आहे. अपघातानंतर पुन्हा फिरविलेल्या इंजिनात तुटलेली टोके एकमेकांवर घासून मूळ खुणा नष्ट होतात.

४. सावकाश उघड होणारा दोष

याच इंजिनाच्या इतिहासात एक दुसरा, वेगळ्या प्रकृतीचा दोष आढळला. झडपा उघडणाऱ्या यंत्रणेत कॅमच्या खाली असलेल्या लहान तरफा काही इंजिनांत अकाली झिजू लागल्या आणि सिलिंडरातील ज्वलन चुकू लागले. बोल्टाचा भंग क्षणात होतो. ही झीज मात्र काही हजार किलोमीटरनंतर, कधी मूळ ग्राहकाने मोटार विकल्यावर, प्रकट होते. कारखान्याने पुढे या आवृत्तीच्या इंजिनांची हमी वाढविली; अमेरिकेत ती १० वर्षे किंवा १,२०,००० मैल अशी झाली. २०१७ साली आलेल्या ४ लिटरच्या पुढील इंजिनात झडपांची अंतरे तेलाच्या दाबाने आपोआप जुळविणारी योजना काढून टाकून दृढ रचना स्वीकारण्यात आली. दोष आरंभीच असणे आणि दोष आरंभीच दिसणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे यावरून लक्षात येते. कायद्याची खरी अडचणही येथेच आहे.

५. अवशेषांचे वाचन

दोषाचा काळ ठरविण्याचे साधन म्हणजे इंजिनाचे अवशेष. श्रांतीने तुटलेल्या बोल्टाच्या छेदावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या वक्र रेषा दिसतात. त्यांचा अर्थ असा की तडा क्रमाक्रमाने वाढला. एका आघाताने तुटलेला बोल्ट मात्र ताणून मान बारीक झालेला आढळतो, आणि त्या रेषा त्यावर नसतात. जोडाच्या तोंडांवर घासल्याच्या खुणा असतील, तर जोड तुटण्यापूर्वी काही काळ सैल होता असे अनुमान निघते. बेअरिंग जळून निळसर-काळे झाले असेल, तर शोध बोल्टाकडून वंगणाकडे वळवावा लागतो. फिल्टरमध्ये अडकलेले धातूचे कण कोणत्या भागाचे आहेत हे त्यांच्या रासायनिक घटनेवरून कळते. शिवाय आधुनिक इंजिनाच्या नियंत्रक यंत्रणेत मर्यादेबाहेरील वेगाच्या नोंदी सापडू शकतात. चुकीचा गिअर टाकून इंजिन अतिवेगाने फिरविले गेले, असा आक्षेप विक्रेत्याने घेतल्यास या नोंदी तो सिद्ध करतात किंवा खोडून काढतात.

यावरून ग्राहकाचे कर्तव्यही निश्चित होते. मोटार ओढून नेऊन सुरक्षित ठेवावी. तुटलेले तुकडे, सांडलेले तेल व फिल्टर जपावेत. विक्रेत्याला लेखी सूचना द्यावी. आणि त्याला उपस्थित राहण्याची संधी दिल्याशिवाय इंजिन उकलू नये. स्वतःच्या विश्वासातील कारागिराकडून घाईने उकललेले इंजिन दुरुस्तीला सोयीचे असले, तरी वादात ते निरुपयोगी होते.

६. कायद्याची भूमिका

ग्राहकाचे हक्क दोन प्रकारचे असतात, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. एक, कारखान्याने करारान्वये दिलेली हमी. तिच्या अटी कारखाना ठरवितो आणि शर्यतीतील वापर तीतून बहुधा वगळलेला असतो. दुसरा, कायद्याने विक्रेत्याविरुद्ध दिलेला हक्क. तो त्या अटींवर अवलंबून नसतो.

युरोपीय संघाच्या १९९९ सालच्या निदेशानुसार, माल मिळाल्यापासून ६ महिन्यांत प्रकट झालेला दोष आरंभापासूनच होता असे गृहीत धरले जाई. २०१९ सालच्या नव्या निदेशाने १ जानेवारी २०२२ पासूनच्या करारांसाठी ही मुदत किमान १ वर्ष केली. या गृहीतकाचे महत्त्व नेदरलँड्समधील एका खटल्यात दिसून आले. तेथील एका महिलेने मे २००८ मध्ये जुनी मोटार घेतली. सप्टेंबरात ती चालताना पेटून भस्म झाली. आणि कोणतीही तांत्रिक तपासणी होण्यापूर्वी मे २००९ मध्ये ती भंगारात मोडली गेली. ४ जून २०१५ रोजी युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला की, माल करारानुरूप नाही आणि ही उणीव मुदतीच्या आत प्रकट झाली, एवढेच ग्राहकाने सिद्ध करावयाचे असते. तिचे कारण सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नाही. कारण नंतरचे आहे असे विक्रेत्याला म्हणावयाचे असेल, तर त्याने ते सिद्ध करावे.

ब्रिटनच्या २०१५ सालच्या ग्राहक हक्क कायद्यात पहिल्या ३० दिवसांत सदोष माल परत करण्याचा हक्क आहे. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते; ती निष्फळ ठरल्यास माल नाकारता येतो, मात्र मोटारीच्या बाबतीत झालेल्या वापराबद्दल किमतीत कपात होऊ शकते. हे संरक्षण व्यापारी विक्रेत्याविरुद्धच मिळते. खाजगी व्यक्तीकडून वेगवान मोटार घेणाऱ्याला ते लाभत नाही, आणि खरेदीपूर्व तपासणी हाच त्याचा मुख्य आधार उरतो.

भारतातील २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्याची वाट थोडी निराळी आहे. योग्य चाचणीवाचून जो दोष ठरविता येत नाही, त्याबाबत आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. ६ महिन्यांसारखे गृहीतक नसलेल्या या पद्धतीत अवशेषांचे जतन अधिकच निर्णायक ठरते, हे उघड आहे.

जीटी-३ प्रकरणात कारण एका महिन्याच्या आत निश्चित होऊ शकले. मोटारींचा वापर तत्काळ थांबविला गेला होता आणि फुटलेली इंजिने तपासणीस उपलब्ध होती. तेथे कारखान्याने स्वतःहून दायित्व स्वीकारल्यामुळे ग्राहकाला काही सिद्ध करावे लागले नाही. एकाकी प्रकरणात, जेथे त्याच जातीच्या इतर मोटारींचा अनुभव पाठीशी नसतो, तेथे ग्राहकाच्या हाती फुटलेले इंजिन आणि दोष प्रकट झाल्याची तारीख एवढेच असते. ही दोन्ही त्याने शाबूत राखली, तर यंत्रज्ञाला कारण सांगता येते आणि न्यायाधीशाला दायित्व ठरविता येते.