उत्तरेची अरण्यं (लेखांक ७) : होडी डोक्यावर, सामान पाठीवर

गेल्या आठवड्यात आपण सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने स्प्लिट रॉकच्या दीपगृहापर्यंत पोचलो होतो. तिथवर सगळा सोयीचा मामला होता. गाडी लावा, पायऱ्या चढा-उतरा, फोटो काढा, पुढे चला. आता डांबरी रस्ता सोडायचा आहे. मिनेसोटाच्या अगदी वरच्या अंगाला, कॅनडाच्या सरहद्दीला खेटून ‘बाउंडरी वॉटर्स’ नावाचं राखीव अरण्य पसरलंय. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर, आणि त्यात हजारावर सरोवरं. आत रस्ता नाही, दुकान नाही, दिशा दाखवणारी पाटीसुद्धा नाही. मोजक्या सरोवरांवर लहान मोटरबोटींना मुभा आहे. बाकी सगळीकडे कनू, म्हणजे वल्ह्यांनी हाकायची निमुळती, हलकी होडी.

इथला खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी त्याच्यावरची माती खरवडून नेली, मऊ जागा कोरून काढल्या, आणि बर्फ वितळल्यावर त्या खळग्यांत पाणी साठलं. मातीचा थर इतका पातळ राहिला की पाइनची मुळं खडकावर नुसती पसरलेली असतात. ४ जुलै १९९९ च्या वादळात इथली लक्षावधी झाडं आडवी झाली, त्याला वाऱ्याइतकीच ही उथळ मुळंही कारण होती.

सरोवरं एकमेकांच्या शेजारी, पण मधे खडकाळ उंचवटा. तो पार करायचा तर होडी उचलून पलीकडच्या पाण्यात नेऊन ठेवायची. याला पोर्टेज म्हणतात, आणि या सहलीचा खरा जीव तिथेच आहे. होडीच्या मधोमध खांद्यांवर टेकणारी आडवी पट्टी असते. होडी उलटी करून तिच्याखाली शिरायचं आणि चालू लागायचं. समोरची चार पावलं सोडली तर काही दिसत नाही. ‘नजारा’ बघायला आलेल्या माणसाला हे जरा अपमानास्पदच वाटतं. केव्हलारची होडी वीसेक किलोची, जुनी अॅल्युमिनियमची तिच्या जवळजवळ दीडपट. अंतर किलोमीटरमध्ये नाही, ‘रॉड’मध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, साधारण एका होडीएवढा, आणि ३२० रॉड म्हणजे एक मैल. नकाशात शंभर रॉड लिहिलंय म्हणून खूश होऊ नये. सामान दोन खेपांत नेलं तर मधे एकदा रिकाम्या हाताने परत यावं लागतं, म्हणजे चाल तीनशे रॉडची.

ही गैरसोय निम्मी निसर्गाची, निम्मी कायद्याने मुद्दाम राखलेली. मे ते सप्टेंबरमध्ये मुक्कामाला जायचं तर परवाना आधी काढावा लागतो, आणि प्रत्येक प्रवेशद्वारातून रोज ठरावीक संख्येनेच गट सोडतात. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी. पावसाळ्यातल्या रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांगेत उभं राहिलेल्याला यातली गंमत लगेच कळेल. मला तर वाटतं, इथली खरी बघण्यासारखी गोष्ट हे नियमच आहेत. पाणी आणि झाडं काय, कॅनडाभर आहेत.

अर्थात हे नियम सहज आलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर शौकीन मासेमार छोट्या विमानांनी थेट आतल्या सरोवरांवर उतरू लागले होते. डिसेंबर १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी या अरण्यावर समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांखाली विमानं उडवायला बंदी घातली. त्याची झळ डोरोथी मोल्टर यांनाही बसली. नाइफ लेकवरच्या एका बेटावर त्या एकट्या राहत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकायची शीतपेयं विमानाने मागवत. पुरवठा तुटला, रिकाम्या बाटल्या मात्र उरल्या. मग त्यांनी त्याच बाटल्यांत घरी केलेली रूट बिअर भरायला सुरुवात केली. नाव बिअरचं असलं तरी हे मुळाच्या स्वादाचं गोड पेय. ते प्यायला माणसं वल्ही मारत आणि होड्या वाहत त्यांच्या दारी यायची. १९८६ मध्ये वारल्या तोवर त्या तिथेच होत्या.

१९७८ च्या कायद्याने लाकूडतोड थांबली आणि मोटरबोटींवर कडक मर्यादा आल्या. त्याच्या आदल्याच वर्षी इली गावातल्या सुनावणीच्या वेळी, अरण्याची बाजू घेणारे लेखक सिगर्ड ओल्सन यांच्या पुतळ्याला लोकांनी लाकडाच्या ट्रकवर फाशी दिली होती. ओल्सन त्याच गावचे. लाकूड आणि मोटरबोटींवर ज्यांचं पोट, त्यांचा राग समजण्यासारखा होता. शिवाय निर्मनुष्य अरण्य ही कल्पनाही अर्धवटच. हा मुलूख ओजिब्वे लोकांचा. १८५४ च्या तहात जमीन गेली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यांनी राखला. नॉर्थ हेगमन लेकच्या कड्यावर गेरूने काढलेली मूस हरणाची आणि होड्यांची चित्रं आजही पाण्यातून बघता येतात. हात मात्र लावू नये.

मिनियापोलिसला मुलाबाळांकडे गेलेल्यांसाठी : तिथून इली गाडीने चारेक तासांवर आहे. नकाशा, होडी, तंबू सगळं गावात भाड्याने मिळतं. जूनमध्ये डास आणि चावऱ्या काळ्या माश्या जीव नकोसा करतात, त्यामुळे सप्टेंबर धरावा. रात्री अन्न अस्वलाच्या हाती लागणार नाही असं बांधून ठेवावं. मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच करायचा. तिथे चुलीसाठी लोखंडी जाळी असते, आणि आत झाडीत भिंती-छप्पर नसलेला संडास.

पुढच्या आठवड्यात सरहद्द ओलांडून कॅनडाच्या क्वेटिको अरण्यात जाऊ. तिथे मुक्कामाच्या जागाही ठरवून दिलेल्या नाहीत, आणि हा संडासही नाही.