अठरा हजार नळ्यांचे यंत्र

घरातला दिवा गेला, तर तुम्ही नवा बसवता. पण एखाद्या यंत्रात अठरा हजार दिवे असतील आणि त्यांतला एक गेला तरी उत्तर चुकत असेल, तर काय कराल?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४५ साली असेच एक यंत्र तयार झाले. ते म्हणजे एनिॲक हा संगणक. आजच्यासारख्या चिप तेव्हा नव्हत्या. त्यांचे काम काचेच्या निर्वात नळ्या करीत. जुन्या रेडिओतही त्या असत. लोक त्यांना व्हॉल्व्ह म्हणत.

आता एक हिशेब करा. समजा, एक नळी सरासरी १८,००० तास, म्हणजे दोन वर्षे टिकते. अशा १८,००० नळ्या एकत्र चालवल्या, तर सरासरी दर तासाला एक नळी जाईल! हे यंत्र चालणारच नाही, असे अनेक जाणकारांना वाटे, ते उगीच नव्हे.

मुख्य अभियंते प्रेस्पर एकर्ट काम सुरू झाले तेव्हा अवघे २४ वर्षांचे होते. त्यांनी नळ्या पूर्ण ताकदीने कधीच चालवल्या नाहीत. रोज दौडवलेला घोडा लवकर थकतो, तसेच हे. तारांची निवड तर मोठी मजेची आहे. उंदीर तारांवरचे आवरण कुरतडतात. म्हणून निरनिराळ्या तारांचे तुकडे उंदरांच्या पिंजऱ्यात टाकले आणि उंदरांना जी तार आवडली नाही, तीच वापरली!

नळ्या बहुधा यंत्र बंद-चालू करताना जात, कारण त्या थंड होऊन पुन्हा तापत. म्हणून काम नसतानाही यंत्र चालूच ठेवू लागले.

तरीही काही नळ्या जाणारच, हे एकर्ट यांना ठाऊक होते. त्यामुळे आकडे मोजणारे भाग त्यांनी सुटे केले. एका भागात २८ नळ्या असत. बिघडलेला भाग ओढून काढायचा आणि तयार असलेला दुसरा बसवायचा. दुरुस्ती मागाहून सावकाश होई, यंत्र थांबून राहत नसे.

पण अठरा हजारांतली बिघडलेली नळी शोधायची कशी? एनिॲकवर गणिते मांडण्याचे काम सहा तरुणी करीत. बेटी जेनिंग्ज ही त्यांतलीच एक. गणित आणि यंत्र दोन्ही माहीत असल्याने त्या नेमकी बिघडलेली नळी दाखवून देत. हे काम अभियंत्यांइतकेच कठीण होते, पण त्यांची नावे लोकांना फार उशिरा कळली.

१९५४ साली एनिॲक सलग ११६ तास चालला. १९५५ च्या ऑक्टोबरात तो कायमचा बंद झाला.

आता नळ्या गेल्या, पण भाग बिघडतातच. म्हणून मोठ्या संगणकांना वीज पुरवणारे दोन संच असतात. एक बंद पडला तरी दुसरा चालतो. माहिती साठवणारी डिस्क बिघडली की तिच्यावरचा लहान दिवा लागतो. कामगार ती काढतो, नवी बसवतो. त्याच वेळी कुणी रेल्वेचे तिकीट काढत असतो. त्याला यातले काहीच कळत नाही.