सीसीत साहेब कशाला?

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर.

आधी एक कबुली देतो. पहिल्या नोकरीत माझ्यापासून सहा पावलांवर बसणाऱ्या सहकाऱ्याकडून मला एक एक्सेल शीट हवी होती. उठून विचारलं असतं तर मिनिटभराचं काम. पण मी मेल टाकला. विषय ‘जेंटल रिमाइंडर’ आणि सीसीत आमचे मॅनेजर. शीट दहा मिनिटांत आली. पण सोबत त्याला मॅनेजरना खुलासाही लिहावा लागला, कारण तो स्वतःच दुसऱ्या टीमकडून येणाऱ्या आकड्यांसाठी थांबला होता. संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, “येऊन विचारलं असतंस तर सांगितलं असतं ना.” त्यानंतर त्याने मला चहाला कधी हाक मारली नाही.

मी असा का वागलो? त्या ऑफिसात कुठलीही चूक झाली की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न यायचा, “मेल आहे का?” तोंडी बोललेल्याला किंमत शून्य. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नव्हतं, पण महिन्याभरात सगळे शिकायचे. मग मेल हा निरोप राहत नाही, ती पावती होते. आपण काम करण्यासाठी नाही, तर उद्या आपल्यावर शेकू नये म्हणून लिहायला लागतो.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये कार्बन पेपर घालून काढलेली प्रत. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ असतं ना, तेच. मूळ हेतू फक्त कळवण्याचा. पण जिथे चुकीला शिक्षा असते, तिथे ‘माहितीसाठी’चा अर्थ होतो ‘साक्षीसाठी’.

दुसऱ्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मी सवयीने बॉसना सीसीत घातलं. त्यांचं उत्तर आलं, “मला यात नको. अडलं तर फोन कर.” पुढे माझी एक चूक झाली, तेव्हा त्यांनी “कुणी केलं?” असं विचारलं नाही, “आता काय करायचं?” असं विचारलं. त्या दिवसापासून माझी सीसीची सवय सुटायला लागली. इनबॉक्स तसाच, बटणं तीच, माणूसही तोच. बदललं होतं फक्त वातावरण.

रात्रीच्या मेलचंही असंच. २०११ मध्ये फोक्सवॅगनने जर्मनीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर शिफ्ट संपल्यानंतर अर्ध्या तासाने मेल पाठवणंच थांबवलं. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत अशा हक्काचं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झालेला नाही. असे नियम हवेतच. पण रात्री अकराला बॉसचा मेल आला आणि लगेच उत्तर देणाऱ्याचं सकाळी सगळ्यांसमोर कौतुक झालं, तर बाकीच्यांनी काय शिकायचं?

आता उलट बाजू. पैसे, तारखा, रजेची मंजुरी हे लेखी असलंच पाहिजे. आणि तुम्ही नवे असाल, वर दाद लागत नसेल, तर सीसी ही तुमची ढाल आहे. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. फक्त सेंड करण्याआधी एकदा बघा, यातलं कोणतं नाव कळवण्यासाठी आहे आणि कोणतं धाक दाखवण्यासाठी?

आणि उद्या तुमच्या हाताखाली माणसं आली, तर त्यांच्या मेलमधल्या सीसीवर लक्ष ठेवा. ती यादी लांबत चालली असेल, तर त्यांना मेल लिहिण्याचं ट्रेनिंग देऊ नका. ते कशाला घाबरलेत, ते आधी विचारा. मेलवर नाही, जागेवर जाऊन.

भेटू पुढच्या भागात!